तीन किलो चारशे

मी वजनकाटा बोलतोय. भाजीवाल्याचा नाही, सोनाराचाही नाही, आणि तुमच्या पलंगाखाली सरकवलेला, ज्याच्यावर तुम्ही पोट आत घेऊन उभे राहता, तो तर मुळीच नाही. मी बाळंतपणाच्या दवाखान्यातला, बाळांचा काटा. इथे जन्मलेल्या प्रत्येक माणसाची पहिली परीक्षा मी घेतो. अभ्यासाला वेळ नाही, अंगावर कपडे नाहीत, आणि निकाल मात्र आईच्या आधी साऱ्या गोतावळ्याला कळतो.

दिसायला मी साधाच आहे. वर पसरट तबक, पोटात स्प्रिंग, पुढे गोल काच आणि तिच्यामागे लाल काटा. बाजूला एक बटण आहे, ते फिरवून मला शून्यावर आणतात. शून्यावर येणं हा माझा सगळ्यात मोठा गुण. माणसांना तो साधत नाही. आधीच्याचं ओझं मनातून न उतरवताच ती पुढच्याला तोलायला घेतात. असो, त्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, आणि सांगायला अभिमान वाटतो की तो वेळेवर झाला. ऑर्डर घाईची होती. गिऱ्हाईक ऑफिसात चहा पीत ताटकळत बसलं होतं. तरी माझा रंग वाळेपर्यंत कुणी मला हात लावला नाही. स्प्रिंग बसली, काच बसली, एका जाड चष्म्याच्या कारागिराने तबकात पितळी वजनं ठेवून मला पुन्हा पुन्हा तपासलं, तेव्हा कुठे मी खोक्यात गेलो. गिऱ्हाईक कुरकुरलं तर तो म्हणाला, "साहेब, अर्धवट माल मी बाहेर सोडत नाही." एका लोखंडी डब्यासाठी एवढा धीर धरणारी माणसं मला पुढे आयुष्यात फारशी भेटली नाहीत.

दवाखाना लहान होता, पण कामाचा. मालकीण म्हणजे डॉक्टरबाई. केस पांढरे, आवाज करडा, आणि मन आवाजापेक्षा बरंच मऊ. बाळांसाठी वेगळे डॉक्टर होते. त्यांना मी बाळडॉक्टर म्हणतो. हा किडकिडीत माणूस कधी कुणाचं अभिनंदन करायचा नाही आणि माझ्याकडे ढुंकून बघायचा नाही. बाळ आलं की पहिला प्रश्न, "किती आठवड्यांचं?" मला फार लागायचं ते. एवढा चकचकीत काटा समोर असताना माणूस आठवडे विचारतो!

तिसऱ्या मोठ्या सिस्टर. मी त्यांच्या ताब्यात. दवाखान्यात काटा एकच, म्हणून चाकांच्या टेबलावर बसवून त्या मला फिरवत. सकाळी तपासणीच्या खोलीत, लसीला आलेल्या बाळांसाठी. एरवी ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या खोलीत. तिथून समोर काचेची खोली दिसायची. लवकर आलेली, श्वास अडलेली, पिवळी पडलेली बाळं तिथे ठेवत. काचेच्या खोलीला तिचा स्वतःचा नवा, आकडे लुकलुकवणारा काटा होता. तो फार बारीक हिशेब सांगतो म्हणे. सांगू दे.

या फिरतीमुळे मला माणसांचा चांगलाच अभ्यास झाला. बाळ जन्मलं की नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. एक, मुलगा की मुलगी. दोन, किती भरलं. आई कशी आहे, हे तिसऱ्या क्रमांकावर येतं, तेही लिफ्ट यायला वेळ लागला तर. वजन चांगलं असलं की आजी अशी मान ताठ करते, जणू नऊ महिने पोटात तिनेच वागवलं. कमी असलं की सगळे सुनेच्या ताटाची चौकशी सुरू करतात. काका लोक शेजारच्या बाळाचं वजन विचारून येतात. आपलं पाव किलोने पुढे निघालं तर त्यांच्या चेहऱ्यावर शर्यत जिंकल्याचा आनंद दिसतो. हरलेल्या बाळाने कुठे तोंड लपवावं, हे कुणी सांगत नाही.

पार्सलबाई या दवाखान्यात पहिल्यांदा आली ती धावतपळत आणि अगदी अवेळी. मी तिला पार्सलबाई म्हणतो, कारण ती पार्सल ऑफिसात वजनाच्या खिडकीवर बसायची. म्हणजे आमच्याच जातकुळीतली. दिवसभर लोक तिच्यापुढे खोकी ठेवणार, ती काट्याकडे बघून दर सांगणार. वजन भरलं की पार्सल पुढे सरकलं. माणसाने काट्यावर एवढा विश्वास ठेवावा, हे मला तेव्हा फार आवडलं होतं.

तिला सातवा महिना नुकता लागला होता. कळा थांबल्या नाहीत. नवरा जहाजावर इंजिनवाला. तो तेव्हा कुठल्या तरी समुद्राच्या मधोमध होता. बाळ झालं, मुलगा. माझ्या तबकात ठेवला तेव्हा काटा हलला की नाही ते मोठ्या सिस्टरांनी वाकून पाहिलं. हलला होता, जेमतेम. बाळडॉक्टर त्याला काचेच्या खोलीत घेऊन गेले. तिथे ते जागचे हलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळ गेलं.

पार्सलबाईने मोठ्या सिस्टरांना विचारलं, "किती भरला होता?" त्यांनी सांगितलं. तिने छताकडे बघितलं. मग म्हणाली, "एवढ्या वजनाची तर पाकिटं येतात माझ्याकडे."

मला त्या दिवशी थट्टा सुचली नव्हती. आजही सुचत नाही.

पण लोकांना काहीतरी बोलावं लागतं ना. समजूत घालायला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलून गेला. सासूबाई म्हणाल्या, "वजनच नव्हतं गं त्याला." शेजारीण म्हणाली, "वजन असतं तर वाचला असता." ऑफिसातल्या मैत्रिणीही तेच म्हणाल्या. कारण सोपं, आकडा हाताशी आणि दोष कुणाचाच नाही! बाळडॉक्टर तेवढे म्हणाले होते, की वजन नाही, दिवस कमी पडले. पण त्यांचं कोण ऐकतो, ते तर कधी हसतही नाहीत.

पार्सलबाईने मात्र ते वजनाचं वाक्य मनात घट्ट बांधून ठेवलं.

दीड-दोन वर्षांनी ती पुन्हा आली. पोट चांगलं मोठं. यावेळी तिला गरोदरपणातली साखर निघाली होती. डॉक्टरबाईंनी खाणं बांधून दिलं, सुया दिल्या, आणि तिने ते सगळं शाळकरी मुलीसारखं पाळलं. पण साखर सापडेपर्यंत बाळाने आपलं अंग भरून घेतलं होतं. आईच्या रक्तातली जादा साखर बाळाच्या अंगावर चढते. गाल येतात, मांड्या येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, तयारी पूर्ण झाली. माझ्यासारख्या काट्याला तर हमखास वाटतं.

त्या सकाळी मी तपासणीच्या खोलीत होतो. पार्सलबाई, तिचा नवरा आणि सासूबाई, तिघंही आली होती. नवरा सुट्टीवर होता. सहा फुटी गडी, खुर्चीत मावत नव्हता. याला आपण जहाजी म्हणू.

"मॅडम, बाळ तीन किलोच्या वर गेलंय," पार्सलबाई म्हणाली. सोनोग्राफीवाल्याने सांगितलेला तो आकडा ती एखाद्या बक्षिसासारखा मिरवत होती.

"बघितलं मी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते साखरेमुळे अंगाने वाढलंय. आतून अजून छत्तीस आठवड्यांचंच आहे. फुप्फुसांना काही अंगावरच्या चरबीचा उपयोग नसतो. तुझी साखर आता ताब्यात आहे, बीपी ठीक आहे, बाळ छान हालतंय. मग घाई कशाला? अजून दोन-तीन आठवडे थांबू."

"पण मॅडम, एवढं मोठं झाल्यावर आत ठेवून करायचं काय?" सासूबाईंनी विचारलं. लोणी कढलं तरी गॅसवर का, अशा सुरात. "हा झाला तेव्हा अडीच किलोचा होता. आता बघा."

सगळ्यांनी जहाजीकडे बघितलं. जहाजीने मान खाली घातली.

"माझी सुट्टी संपतेय, मॅडम," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्याच्या शेवटी बोटीवर हजर व्हायचंय. मग नऊ महिने समुद्रात. मी सुट्टी वाढवून मागितली, ते नाही म्हणाले." त्याने खुर्ची पुढे ओढली. "मागच्या वेळीही मी तिकडेच होतो. फोन आला तेव्हा सगळं आटपलं होतं. मी त्याला बघितलंसुद्धा नाही. यावेळी मला एकदा, फक्त एकदा हातात घ्यायचंय."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. तो पुसण्यासारखा नव्हता.

"ऑपरेशन करून आत्ता काढलं तर श्वासाला त्रास होऊ शकतो," त्या म्हणाल्या. "साखरवाल्या आईच्या बाळाला जास्तच. होईलच असं नाही. पण झाला तर कशासाठी झाला, याचं उत्तर माझ्याकडे नसेल."

"मॅडम, मला भीती वाटते," पार्सलबाई म्हणाली. आता तिच्या आवाजात बक्षीस नव्हतं. "मागच्या वेळी वजन नव्हतं म्हणून गेला. आता वजन आहे. आता अजून थांबून काही झालं तर मी काय करू?"

"अगं, तो वजन नव्हतं म्हणून गेला नाही. त्याला वेळ मिळाला नाही म्हणून गेला."

खरं तर इथेच गोष्ट संपायला हवी होती. एवढं सरळ वाक्य मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. पण सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "समोरच्या दवाखान्यात मागाल ती तारीख देतात म्हणे."

देत होते. हवा तो दिवस, हवी ती वेळ. केस कापायला जायचं असलं तरी आजकाल एवढ्या सहज नंबर मिळत नाही. फक्त तिथे काचेची खोली नव्हती. बाळाचा श्वास अडला तर गाडीत घालून आमच्याकडेच आणायचे.

डॉक्टरबाईंनी खूप समजावलं. मग त्या थकल्या. तिकडे जाऊन अडकण्यापेक्षा इथे काचेच्या खोलीजवळ झालेलं बरं, असा त्यांनी हिशेब केला आणि ऑपरेशनचा दिवस दिला. याला शहाणी माणसं तडजोड म्हणतात. सुनेची भीती सांभाळली, मुलाची सुट्टी सांभाळली, सासूबाईंचा मान सांभाळला. ज्याच्याबद्दल ही तडजोड होती ते बाळ त्याच खोलीत हजर होतं, चांगलं लाथा मारत होतं. त्याला तेवढं कुणी विचारलं नाही.

ऑपरेशनचा दिवस आला. मोठ्या सिस्टरांनी माझ्या तबकात स्वच्छ कापड घातलं आणि मला शून्यावर आणलं. बाहेर सासूबाई मिठाईचा खोका मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जहाजी उभाच होता. त्याने नखं कापली होती, दाढी केली होती, नवा शर्ट घातला होता. बाळाला घ्यायचं तर स्वच्छ असावं, म्हणून तो सकाळपासून कितीदा तरी हात धुऊन आला होता.

मुलगी झाली. पुसून तिला माझ्यावर ठेवलं, आणि काय सांगू, माझी स्प्रिंग सुखावली. काटा असा झरझर गेला! तीन किलो चारशे. मोठ्या सिस्टरांनी दार किलकिलं करून आकडा सांगितला. बाहेर टाळ्या वाजल्या. सासूबाईंनी दारातूनच फोन पुढे करून फोटो काढला. बाळाचा नव्हे, माझा. आकडा नीट आला पाहिजे म्हणून दोनदा काढला. मी आयुष्यात एवढा देखणा कधीच दिसलो नसेन.

बाळ प्रत्येक श्वासाला बारीक आवाज करत होतं. अं, अं, अं.

"ऐका, ऐका, आल्या आल्या बोलतेय," सासूबाई बाहेरून म्हणाल्या. "आजीवर गेलीय."

बाळडॉक्टर तिच्या छातीकडे बघत होते. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता आणि नाकपुड्या फुलत होत्या. "बोलत नाहीये ती," ते म्हणाले. "कण्हतेय. श्वास आत टिकत नाहीये तिचा." आणि त्यांनी तिला माझ्यावरून उचललं. टाळ्या वाजवणाऱ्यांना काय झालं ते कळायच्या आत काचेच्या खोलीचं दार लागलं.

मी शून्यावर आलो. मिठाईच्या खोक्याची दोरी सुटली होती, ती सासूबाईंनी पुन्हा बांधली.

वर खोलीत पार्सलबाई शुद्धीवर आली, तेव्हा तिला सगळ्यात आधी काय सांगितलं असेल? बरोबर. मोठ्या सिस्टरच सांगून आल्या होत्या. म्हणाल्या, आकडा ऐकून ती हसली आणि डोळे मिटून पडून राहिली. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईचं बाळ तिच्या कुशीत आलं. त्या पलीकडच्या बाईचंही आलं. हिचं कुणी आणेना. पोटावर टाके, कूस वळवता येत नाही, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण सांगतोय, "तीन किलो चारशे, नशीबवान आहेस." नशीबवान बाई रिकाम्या पाळण्याकडे बघत पडली होती.

दुसऱ्या दिवशी तिला चाकाच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. मुलीचं आणखी बिघडलं होतं. नुसत्या हवेच्या दाबावर भागेना, म्हणून घशात नळी घालून मशीनवर ठेवलं होतं. रक्तातली साखर उतरत होती, तिची सुई वेगळी. एवढी गुटगुटीत मुलगी, आणि तिला श्वास घेणं झेपत नव्हतं.

काचेपाशी पार्सलबाईने बाळडॉक्टरांना विचारलं, "पण वजन तर चांगलं आहे ना?"

"आहे."

"मग?"

बाळडॉक्टर काचेपासून तिच्याकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही पार्सल ऑफिसात असता ना? खोकं जड असलं म्हणजे आतलं सामान नीट बांधलंय, हे तुमचा काटा सांगतो?"

ती म्हणाली, "नाही."

"हाही नाही सांगत," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत माझ्याकडे त्यांनी बोट दाखवलं ते हे एकदाच.

मला राग यायला हवा होता. पण मी आकडा खोटा सांगितला नव्हता हो. तीन किलो चारशे म्हणजे तीन किलो चारशेच. मला वजन विचारलं, मी वजन सांगितलं. वय मला कुणी शिकवलंच नाही. एवढी शिकलीसवरली माणसं एका स्प्रिंगच्या भरवशावर बाळाची तयारी ठरवतात, यात स्प्रिंगचं काय चुकलं?

आता गंमत ऐका. तिच्या शेजारच्याच पेटीत एक मुलगा होता, हिच्या निम्म्या वजनाचा. तो तर हिच्यापेक्षाही आधी, सहा आठवडे लवकर काढलेला. त्याच्या आईचं बीपी वाढत चाललं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, डोकं फुटायला आलं होतं. त्या वेळी डॉक्टरबाईंनी कुणाची सुट्टी विचारली नाही की कुणाच्या आजीला. बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला सुया दिल्या, त्या लागू पडेपर्यंत बीपी धरून ठेवलं, आणि मग क्षणाचाही उशीर केला नाही. आई वाचली. आणि ते केवढंसं पोर आता नळीशिवाय, आपलं आपण, शांत श्वास घेत पडलं होतं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी त्याच्याकडे बघून "अगंबाई, कसं व्हायचं याचं" म्हणून हळहळ व्यक्त केली होती. आता त्या काचेशी उभ्या राहून त्याच्या छातीकडे बघत राहत. नातीकडे बघवत नसे म्हणून.

"त्यालाही लवकरच काढलं ना?" त्यांनी एकदा डॉक्टरबाईंना विचारलं. भांडायला नव्हे, खरंच कळत नव्हतं म्हणून.

"तिथे थांबणं धोक्याचं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इथे काढणं." आणि थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना, "मी नाही म्हणायला हवं होतं."

हे वाक्य त्यांनी अगदी स्वच्छ, ठाम आवाजात म्हटलं. तपासणीच्या खोलीत असंच म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं. पण मला तोंड नाही, काटाच आहे.

जहाजी रोज यायचा. कोपरापर्यंत हात धुवायचा, झगा चढवायचा, आणि पेटीच्या भोकातून एक बोट आत घालून तिच्या तळपायाला लावून उभा राहायचा. उचलायची परवानगी नव्हती. नळी हलली असती तर भलतंच झालं असतं. तो रोज विचारायचा, "आज?" बाळडॉक्टर रोज मान हलवायचे. सुट्टीचे दिवस असे संपत होते. ज्या दिवसांसाठी मुलीला घाईने बाहेर आणलं, ते सगळे दिवस काचेच्या या बाजूला खर्ची पडत होते. एवढा चोख हिशेब माझ्या स्प्रिंगलाही जमला नसता.

जायचा दिवस उजाडला. सकाळी तो खांद्याला मोठी पिशवी अडकवून आला. बाहेर गाडी उभी होती.

"आज?" त्याने विचारलं.

"दोन-तीन दिवसांत नळी काढू," बाळडॉक्टर म्हणाले. "सुधारतेय ती. पण आज नाही." मग त्यांनी, त्या कधी न हसणाऱ्या माणसाने, त्याच्या दंडावर हात ठेवला.

जहाजी आत जाऊन बोट लावून आला. झगा काढला. आणि बाहेरच्या खोलीतून जाताना माझ्यापाशी थांबला. मोठ्या सिस्टर कपाटात कपडे रचत होत्या. मला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. लहान पोरांनाच काय, डॉक्टरांनाही ओरडतात.

त्याने पिशवी खाली ठेवली. माझ्या तबकावर दोन्ही तळहात ठेवले, एकाला एक लावून, ओंजळीसारखे. आणि हळूहळू दाबायला लागला. मला कळेना, याला काय हवंय. काटा सरकला. एक किलो. दोन. तीनच्या पुढे गेल्यावर त्याने जोर कमी केला, मग अगदी थोडा वाढवला. तीन किलो चारशेवर काटा थांबला, तसा तोही थांबला. डोळे मिटून तो तसाच उभा राहिला, हाताला भार लक्षात राहावा म्हणून.

मोठ्या सिस्टरांनी ते पाहिलं. त्यांनी कपाटाकडे तोंड वळवलं आणि रचलेलेच कपडे पुन्हा रचायला घेतले.

माझ्यावर हजारो बाळं येऊन गेली. पण त्या रिकाम्या तबकावरचं वजन मला अजून उतरवता आलेलं नाही. शून्यावर येण्याची माझी एवढी ऐट, पण त्या दिवशी सिस्टरांनी बटण फिरवलं तरी मी मनातून आलो नाही.

मुलगी वाचली. नळी निघाली, नाकातली हवा निघाली, दूध चमच्याने गेलं, मग आईच्या अंगावर. घरी जाताना ती तीन किलो चारशेची राहिली नव्हती. बरंच उतरलं होतं. सासूबाईंनी आकडा विचारला नाही. मिठाईचा खोका त्यांनी तसाच शिळा होऊ दिला होता. आता नवा आणून सगळ्यांना वाटला, आणि बाळडॉक्टरांनी चक्क एक तुकडा खाल्ला.

माझंही आता वय झालंय. स्प्रिंग थोडी सैल पडलीय. आकडे लुकलुकवणारा दुसरा काटा आणायचं ठरलंय, मग मी बहुधा कापसाच्या गठ्ठ्यांना तोलत बसेन. गठ्ठ्याला आजी नसते, तेवढाच निवांतपणा. जाण्यापूर्वी तुम्हाला एक विनवणी. तुमच्या घरी पाळणा हलायचा असेल आणि डॉक्टर थांबा म्हणत असतील, तर थांबा. आणि डॉक्टर म्हणाले की आता थांबायचं नाही, तर मात्र घरातल्यांची बैठक भरवू नका. दोन्ही वेळा मला विचारू नका. मी सांगेन तो आकडा खराच असेल, पण तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसेल.

परवा पार्सलबाई लसीसाठी आली होती. मुलगी खांद्यावर झोपलेली. मोठ्या सिस्टरांनी तिला अलगद माझ्यावर ठेवलं आणि लिहून घ्यायला पेन काढलं. तेवढ्यात पार्सलबाईचा फोन वाजला. पडद्यावर जहाजीचा चेहरा, मागे कसलीशी लोखंडी भिंत.

"काट्यावर ठेवलंय का तिला? किती भरली?" त्याने विचारलं.

पार्सलबाईची नजर काट्याकडे गेलीच नाही. ती मुलीच्या छातीकडे बघत होती. छाती संथ वर येत होती, संथ खाली जात होती. कुठे खळगा नाही, कण्हणं नाही.

"ते नंतर," ती म्हणाली. "आधी ऐक." आणि तिने फोन मुलीच्या नाकापाशी नेला.

तिकडून बोटीच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती. त्याने दार लावून घेतलं असावं, कारण मागची घरघर बंद झाली. पार्सलबाईचा हात अवघडला, तेव्हा तिने विचारलं, "ऐकलंस?"

"हो," तो म्हणाला. "अजून थोडा वेळ धर."

तिने हात बदलून फोन पुन्हा धरला. मोठ्या सिस्टर पेन हातात घेऊन उभ्या राहिल्या. मी आपला आकडा दाखवत होतो, आणि तो वाचायची कुणालाच घाई नव्हती.